व्हेलचे टॅगिंग

व्हेलच्या अंगावर नोंदयंत्र बसवून पाण्याखालचे त्याचे वागणे टिपण्याची पद्धत. बोटीवरून दिसतो तो फक्त श्वासापुरता वर आलेला व्हेल. शिकार, भटकंती, सादप्रतिसाद हे बहुतेक सारे खालीच चालते. विसाव्या शतकात व्हेलच्या शरीरात क्रमांक कोरलेल्या पोलादी नळ्या डागत. पुढे तो व्हेल मारला गेला तरच नळी हाती येई आणि तिच्यावरून कळत ती दोनच ठिकाणे: नळी डागली ते आणि व्हेल मारला गेला ते.

सूक्ष्म अभ्यासासाठी आज सक्शन कपचे टॅग वापरतात. मार्क जॉन्सन आणि पीटर टायॅक या संशोधकांचा डीटॅग हा त्यातला नावाजलेला. चार कपांवर बसणाऱ्या या यंत्रात पाण्यातला मायक्रोफोन, दाबमापक, त्वरणमापक आणि चुंबकीय दिशामापक असतात. छोटी बोट मागून, तिरकी, व्हेलच्याच वेगाने नेतात. पाठ वर आली की कार्बन फायबरच्या लांब काठीने टॅग थोपटावा तसा टेकवतात. वेळ मिळतो जेमतेम दोन-चार सेकंद. टॅग कुशीवर खाली बसला तर व्हेल वर आला तरी टॅगची रेडिओ अँटेना पाण्यातच राहते आणि माग सुटतो. सुटणारी कातडी, दुसऱ्या व्हेलची घासणी, पाण्याबाहेरची उडी, यांपैकी कशानेही टॅग निघू शकतो. नुसता सरकला तरी पंचाईत होते, कारण अक्ष बदलल्याने सरळ पोहणारा व्हेल आलेखात कलंडलेला दिसतो. श्वास घेताना शरीर साधारण आडवे असते. तीच स्थिती आधार धरून हिशेब नव्याने मांडतात.

ठरल्या वेळी बारीक तारेतून वीज सोडली की खाऱ्या पाण्यात तार झिजून तुटते, कप सुटतात आणि टॅग तरंगत वर येतो. रेडिओ संकेतावरून तो शोधावाच लागतो, कारण सगळी नोंद त्याच्या पोटात असते. टॅग हरवला की दिवस वाया. टॅग बसल्यावरच्या सुरुवातीच्या बुड्या बिथरलेल्या असण्याची शक्यता धरून त्या विश्लेषणातून बहुधा वगळतात.

उपग्रह टॅग टायटॅनियमच्या काट्यांनी, बहुधा पाठीवरच्या पंखासारख्या परामध्ये रुततो. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यातून जात नाहीत, म्हणून व्हेल वर येताच तो त्रोटक माहिती धाडतो. पण टिकतो आठवडे, कधी महिने. दुर्मीळ गोष्ट पकडायला हाच चिवटपणा कामी येतो. क्युव्हियर बीक्ड व्हेलची २,९९२ मीटर खोल बुडी (२०१४ मध्ये प्रसिद्ध) आणि २२२ मिनिटांची बुडी (२०२०) अशाच टॅगांनी नोंदवली. धोका मात्र खरा आहे. २०१६ मध्ये एल९५ या ओळखक्रमांकाचा किलर व्हेल टॅगच्या जखमेतून बुरशीसंसर्ग होऊन दगावला असावा, असा निष्कर्ष निघाला. पहिल्या प्रयत्नात समुद्रात पडलेला टॅग पूर्ण निर्जंतुक न करता, नुसत्या अल्कोहोलने पुसून पुन्हा वापरला होता.

सक्शन कपांमध्येच इलेक्ट्रोड बसवून निळ्या व्हेलच्या हृदयाचे ठोके प्रथमच मोजता आले (२०१९ मध्ये प्रसिद्ध). वर श्वास घेताना मिनिटाला २५ ते ३७, खोल बुडीत बहुतांश ४ ते ८, आणि कधी फक्त २.