झोपेत दात खातो म्हणजे जंत झाले?

पोर झोपेत दात खाऊ लागलं की घरातली आजी निकाल देऊन मोकळी होते, ‘जंत झालेत. गोड बंद करा.’ गालावर पांढुरके चट्टे उठले तरी निकाल तोच. दात खाण्याचा जंतांशी संबंध असल्याचा ठोस पुरावा नाही. ते चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. आणि गुळाच्या खड्यातून जंत होत नाहीत, त्यासाठी त्यांची अंडी किंवा अळ्या शरीरात शिराव्या लागतात. तरीही आजीचा अंदाज बरेचदा खरा निघतो, कारण जंत जिथे घरोघरी आहेत तिथे कुठलंही लक्षण सांगितलं तरी ते लागू पडतं!

पोटात थोडेच जंत असतील तर सहसा काहीच जाणवत नाही. म्हणूनच २०१५पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती लक्षणं न विचारता आणि शी न तपासता.

सुतासारखे बारीक पांढरे जंत, म्हणजे पिनवर्म, मात्र स्वतःच चुगली करतात. मूल झोपलं की जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची मादी शीच्या जागेतून बाहेर येते आणि तिथल्या त्वचेवर हजारो अंडी चिकटवते. मग खाज सुटते, मूल खाजवतं, अंडी नखांत जातात आणि नखांतून तोंडात. रात्रीचीच खाज आणि त्यापायी मोडणारी झोप ही याची खूण. गंमत अशी की अंडी बाहेर घातलेली असल्याने शीच्या तपासणीत ती बहुधा सापडतच नाहीत. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून लॅबमध्ये दिली तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, कारण गोळीने जंत मरतात, पण अंडी उरतात.

मोठ्या गोल जंताची खूण भलत्याच जागी दिसते. त्याच्या अळ्या आतड्यातून रक्तात, तिथून फुप्फुसात आणि घशातून पुन्हा पोटात असा फेरफटका मारतात. त्या काळात कोरडा खोकला येतो, छातीत घरघर होते. तेव्हा शी तपासली तर ती स्वच्छच निघणार. मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती सुरुवात करते दोन-तीन महिन्यांनी. मुलाचं पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि शी-वारा बंद आहे, असं दिसलं तर मात्र घरी थांबू नये. जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं.

हुकवर्म अनवाणी पायातून शिरतो हे कळलं एका सांडलवंडीमुळे. कैरोत काम करणाऱ्या आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं. तिथे आग झाली, त्वचा लाल झाली आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शीत जंतांची अंडी निघाली. १८९८मध्ये त्याने हे जाहीर केलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही.

हा जंत आतड्याला चावून रक्त पितो. त्यातल्या जास्त खादाड जातीचे शंभर जंत असतील तर दिवसाला तीनेक चमचे रक्त जातं. पोट फारसं दुखत नाही. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्या बाईला जिना चढताना दम लागतो, खालची पापणी ओढली तर आतून फिकी दिसते, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर मला वाटतं पहिला संशय हुकवर्मचाच घ्यावा.

जिआर्डियाचं प्रकरण वेगळं, कारण तो जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे. तेलकट, उग्र वासाची, पाण्यावर तरंगणारी शी आणि गॅस आठवडेच्या आठवडे चालू राहतात. शाळेतल्या एका गोळीने तो जात नाही.

आणखी एक धागा घरच्याच फायलीत सापडू शकतो. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा असतो. दमा किंवा ॲलर्जी नसताना तो वाढलेला दिसला, तर डॉक्टरांना जंतांबद्दल आवर्जून विचारावं. जिआर्डियात मात्र तो सहसा वाढत नाही.