सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात ४७८च माणसं गेली? छे!
१८ एप्रिल १९०६ ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरलं, आणि "भूकंप छोटा होता, खरं नुकसान आगीनं केलं, मेले फक्त ४७८" हे इतकी वर्षं फिरतंय की लोकांना खरंच वाटतं.

आगीनं जास्त नुकसान केलं हे बरोबरच आहे, तीन-चार दिवस शहर जळत होतं, २८,००० च्या आसपास इमारती गेल्या आणि ४ लाखांच्या शहरात निम्म्याहून जास्त लोक बेघर झाले. पण भूकंप छोटा कुठला, ७.९ च्या आसपासचा होता! आणि आग लागली कशामुळे? गॅसचे पाइप फुटले, चुली-धुराडी कोसळली, पाण्याच्या मेन लाइनी तुटल्या म्हणून बंबवाल्यांच्या नळीला पाणीच नाही, मग आग अडवायला सुरुंग लावून घरं उडवली तर त्यानं काही ठिकाणी आग अजूनच पसरली.

मग सगळं आगीवर का ढकललं? सरळ आहे हो, विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. शिवाय भूकंपाचं गाव म्हटलं की पैसा लावायला कोण येणार, त्यामुळे व्यापारीमंडळी "मोठी आग" असंच म्हणायची.

आणि ते ४७८? चायनाटाऊनमधले कित्येक मेलेले धरलेच नव्हते. शहराच्या ग्रंथालयातल्या ग्लॅडिस हॅन्सन यांनी अनेक वर्षं एकेक नाव जमवलं, त्यावरून आता ३,००० किंवा त्याहून जास्त धरतात.