बहुउद्देशीय सभागृह म्हणजे ब्लॅक बॉक्स नव्हे

नव्या इमारतीच्या नकाशात ‘बहुउद्देशीय सभागृह’ असा चौकोन दिसला की जळगाव-धुळ्याकडच्या हौशी रंगकर्मींना वाटतं, चला, प्रायोगिक नाटकांची सोय झाली. मध्ये खांब नाहीत, खुर्च्या हलवता येतात, भिंतींना काळा रंग मारला की झालं ब्लॅक बॉक्स, म्हणजे नाटकासाठी हवी तशी मांडता येणारी काळी खोली! रंगाचं म्हणाल तर तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शेवटचा भाग.

सभागृहात बदलतो तो कार्यक्रम. सकाळी साखरपुडा, दुपारी बचतगटांचं प्रदर्शन, संध्याकाळी सत्कार. लोकांनी कुठे बसायचं आणि कुणीकडे बघायचं, हे मात्र एका टोकाच्या सिमेंटच्या स्टेजने कायमचं ठरवलेलं असतं. ब्लॅक बॉक्समध्ये पक्कं स्टेजच नसतं. प्रेक्षक एका बाजूला, तीन बाजूंनी, चहूबाजूंनी किंवा समोरासमोर दोन रांगांत आणि नाटक मधल्या गल्लीत, असं काहीही मांडता येतं. पोलंडमध्ये येर्जी ग्रोटोव्स्की या दिग्दर्शकाने १९६०च्या दशकात प्रेक्षकांना लांबलचक टेबलांशी पाहुण्यांसारखं बसवलं होतं आणि नट त्याच टेबलांवर चढून खेळले होते. आपल्याला हे फार परकं वाटायला नको. आपल्या खान्देशी लोककलेचं, वहीगायनाचं, रंगमंचाच्या कमानीवाचून कधी काही अडलं नाही.

पण मांडणी फिरवायची तर दिवेही तिच्या मागे फिरायला हवेत. म्हणून ब्लॅक बॉक्सचा जीव छतात असतो. खोलीभर लोखंडी पाइपांची जाळी, तिच्यावर जागोजागी विजेची जोडणी, कुठल्या बिंदूवर किती वजन टांगता येईल याचा हिशेब. सभागृहाच्या छताला काय असतं? पंखे आणि फॉल सीलिंग. पंख्याच्या वर दिवा लावला तर पात्याची सावली नटाच्या तोंडावर फिरत राहते. पंखे बंद केले तर मे महिन्यातल्या जळगावात पहिला अंक संपायच्या आत प्रेक्षक बाहेर. खिडक्या नसलेल्या खोलीला आवाज न करणारं एसी लागतं आणि खर्चाचा मोठा आकडा तिथेच असतो. अंदाजपत्रकात कापला जातोही तोच.

बाहेरदेशीचा संच बोलावला तर फरक महिनाभर आधीच उघडा पडतो. त्यांच्याकडून तांत्रिक गरजांची यादी येते: जागेचा मोजमापांसह नकाशा, विजेचा भार, जाळीची उंची, जमीन कसली. समकालीन नृत्याचे संच काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर नाचायला सहसा तयार होत नाहीत, गुडघे जातात. त्यांना खाली थोडी दबणारी लाकडी जमीन हवी असते. शिवाय दिवे लावायला प्रयोगाआधीचा अख्खा दिवस. सभागृहाचं बुकिंग सत्रावर चालतं आणि लग्नाची तिथी असली की तेही नाही. व्यवस्थापकाला दोष कसा द्यायचा? त्याचं उत्पन्न लग्नांवरच आहे.

मग सभागृहात प्रायोगिक काही होतच नाही का? होतं की. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे उभं केलं, ते ब्लॅक बॉक्स नसताना. मुंबईतच एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेचं एक्स्पेरिमेंटल थिएटर, म्हणजे सुमारे ३०० प्रेक्षकांची, बसण्याची रचना बदलता येणारी जागा, १९८६ साली आलं. पण छबिलदासचा दाखला देऊन ‘बघा, सोयींवाचूनही होतं’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ती माणसांची जिद्द होती, इमारतीचा गुण नव्हे.

तमाशाला, कीर्तनाला, हजारभर माणसांच्या कार्यक्रमाला ब्लॅक बॉक्स कुचकामाचं, तिथे मोठं सभागृहच हवं. शे-दीडशे प्रेक्षकांसाठी मात्र खान्देशात नवी इमारत बांधण्याआधी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या गोदामांकडे बघावं असं माझं मत. उंची आहे, बहुतेक ठिकाणी मधे खांब कमी आहेत आणि गाठींचा ट्रक लागायचा त्या दारातून नेपथ्यही सहज आत जाईल. दोन खर्च मात्र आधी धरायचे: छपराच्या कैच्या (छत तोलणारे त्रिकोणी सांगाडे) दिव्यांचं वजन पेलतील का याची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी आणि पावसाळ्यात संवाद ऐकू यावेत म्हणून पत्र्याखाली आवाज अडवणारा थर.