रोल ट्वेंटी की फाउंड्री: गावातून गेम चालवायचा तर टेबल कुठे मांडायचं?

रोल ट्वेंटी आणि फाउंड्री म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे रोल-प्लेइंग गेम ऑनलाइन खेळायची आभासी टेबलं. दोन्ही ब्राउझरमध्ये उघडतात. दोन्हींत चौकटींचा नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), फासे आणि कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचं पान) असतं. त्यामुळे नुसते स्क्रीनशॉट बघून निवड होते. खरा फरक पडद्यामागे आहे: रोल ट्वेंटी २०१२ पासून कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, तर २०२० साली आलेलं फाउंड्री गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, लॅपटॉपवर चालतं आणि खेळाडू त्या लॅपटॉपला जोडले जातात.

म्हणून यवतमाळ किंवा गडचिरोलीकडच्या गावातून गेम चालवायचा असेल, तर आधी अपलोडचा वेग मोजा. समजा नकाशाची पीएनजी फाइल १५ एमबीची आहे आणि खेळाडू चार. फाउंड्रीत तुमच्या लॅपटॉपमधून ६० एमबी बाहेर जाणार. २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी) अपलोडवर त्याला चार मिनिटं लागतात, आणि तोवर सगळ्यांसमोर काळा पडदा. तोच नकाशा वेबपी या हलक्या चित्र-फॉरमॅटमध्ये बदलून २ एमबीवर आणला तर अर्ध्या मिनिटात पोचतो. रोल ट्वेंटीत नकाशा एकदाच, दुपारी निवांत चढवून ठेवता येतो.

लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो. फाउंड्रीत तिथेच सगळ्यांचा खेळ थांबतो. रोल ट्वेंटीत तुम्ही बाहेर पडता, पण टेबल जागेवर राहतं. फाउंड्रीच घ्यायचं असेल तर राउटर आणि फायबरची डबी, दोन्हींना मिनी यूपीएस लावा.

सर्वात जास्त लोक अडकतात ते जोडणीत. फाउंड्री ३०००० क्रमांकाच्या पोर्टवर (लॅपटॉपचं नेटवर्कवरचं दार) ऐकतं आणि दोन लिंक देतं. १९२.१६८ ने सुरू होणारी लिंक फक्त घरातल्या वायफायवर चालते. ती पुण्याच्या मित्राला पाठवून उपयोग नाही. बाहेरची लिंक चालायला राउटरमध्ये ते पोर्ट उघडावं लागतं. तरीही जमलं नाही, तर राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. अशा वेळी पोर्ट कितीही उघडा, फायदा होत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर बहुतेक हीच गत असते. यावर उपाय म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीचा तात्पुरता टनेल, म्हणजे त्यांच्या सर्व्हरमधून तुमच्या लॅपटॉपपर्यंतची वाट. तो मोफत आहे, खेळाडूंना काही बसवावं लागत नाही. फक्त दर वेळी पत्ता बदलतो, म्हणून नवी लिंक गटावर टाकावी लागते. आवाजासाठी डिस्कॉर्ड हे बोलण्याचं ॲपच ठेवा. व्हिडिओ नकोच, तो अपलोड खाऊन टाकतो.

पैशांचं गणित सोपं आहे. फाउंड्रीचा परवाना एकदाच, ५० डॉलर, आणि तोही फक्त गेम मास्टरला. रोल ट्वेंटी मोफत सुरू होतं. जास्त साठवण आणि स्क्रिप्ट (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) हव्या असतील तर वर्गणी भरावी लागते.

नवा गट, हॉटस्पॉट आणि अधूनमधून जाणारी वीज असेल तर आमचं मत सरळ रोल ट्वेंटीकडे. वर्षभर चालणारी मोहीम, घरात फायबर आणि नियम आपोआप हिशोबात धरले जावेत अशी इच्छा असेल, तर फाउंड्रीवरचे कष्ट वसूल होतात. मात्र मोहिमेच्या मध्यात मोठी आवृत्ती बदलू नका, जुनी मॉड्यूल्स (वरून जोडलेल्या सोयी) बंद पडतात. बॅकअप घेताना आधी फाउंड्री पूर्ण बंद करा आणि मगच डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. चालू असताना कॉपी केलं तर डेटाबेस अर्धवट येतो आणि ते वर्ल्ड (फाउंड्रीत साठवलेली तुमची मोहीम) पुन्हा उघडेलच असं नाही.