पीटीआर नीट आहे, मग मेल स्पॅममध्ये का जातो?

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारे रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव शोधणं) आणि आयपीची रेप्युटेशन (त्या पत्त्याची पत) यांची हमखास गल्लत करतात. त्यांचा फारसा दोष नाही, कारण दोन्ही गोष्टी डीएनएसलाच, म्हणजे नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या व्यवस्थेलाच विचारायच्या आणि दोन्हीत आयपीचे आकडे उलटे लिहायचे. १९२.०.२.२५ हा नमुन्याचा पत्ता घ्या. रिव्हर्ससाठी २५.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा याची पीटीआर नोंद (पत्त्याचं नाव सांगणारी) मागायची आणि स्पॅमशी जोडलेल्या पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या यादीसाठी २५.२.०.१९२.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग याची ए नोंद (नावाचा पत्ता सांगणारी). पहिल्या ठिकाणी उत्तर यायला हवं. दुसऱ्या ठिकाणी काहीच न येणं उत्तम.

पीटीआर म्हणजे दारावरची पाटी. ती लावण्याचा अधिकार आयपीच्या मालकाचा, म्हणजे बहुधा होस्टिंग कंपनीचा. डोमेनच्या पॅनेलमध्ये ती शोधत बसू नका. पीटीआरमधलं नाव पुन्हा त्याच आयपीवर उतरलं पाहिजे, ही अर्धी तपासणी बरेच जण विसरतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून हे मागतं. पीटीआर नसेल तर ५.७.२५ हा कोड देऊन मेल परत येऊ शकतो.

पण पाटी तर स्पॅमरही लावतो. रेप्युटेशन ठरते त्या पत्त्यावरून आजवर काय गेलं त्यावर, आणि स्वस्तातल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) आधीच्या भाडेकरूचे उद्योग तुमच्या माथी येऊ शकतात. झेनचं, म्हणजे स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीचं उत्तर नीट वाचा. १२७.०.०.२ आलं तर स्पॅमचा आरोप आहे, १२७.०.०.४ असेल तर मशीनला लागण झाल्याचा संशय. १२७.०.०.१० किंवा ११ म्हणजे पीबीएल, आणि हा आरोपच नव्हे: घरगुती ब्रॉडबँडसारख्या पत्त्यांवरून थेट मेल जाऊ नये, एवढंच ती यादी सांगते. १२७.२५५.२५५.२५४ पाहून तर मुळीच घाबरू नका. तुम्ही ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (तुमच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरमधून) विचारलंत, म्हणून स्पॅमहाउसने उत्तर नाकारलंय.

सगळ्या याद्या स्वच्छ असल्या तरी जीमेलचं मत वेगळं असू शकतं. ते गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या सेवेत पाहा. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याखाली हव्यात, ०.३ पर्यंत कधीच जाऊ नयेत.

पीटीआर बिघडलेला असेल तर होस्टिंग कंपनीकडे टाकलेल्या एका तिकिटात (तक्रारीत) काम होतं. यादीत नाव असेल तर ते काढायचा अर्ज करायची घाई नको: आधी मेल क्यू (पाठवायच्या मेलची रांग) तपासा, फुटलेला पासवर्ड किंवा वेबसाइटवरचा उघडा फॉर्म शोधून बंद करा. नाहीतर काढलेलं नाव पुन्हा चढतं.