हात न लावता 'टिल्ट' कसा होतो? तिरक्या कोपऱ्यातला डायोड बघा

परवा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता, जुनं पिनबॉल मशीन (काचेखाली गोळी उडवून स्कोअर करायचा खेळ), समोर कोणी नाही आणि स्कोअर आपला टणाटण वाढतोय. खाली लिहिलेलं, मालक वारल्यापासून असं होतंय. लोकांनी ढिगाने हात जोडलेले. खरं कारण बहुतेक एवढंच असणार की एखाद्या स्विचच्या दोन पट्ट्यांमधली फट इतकी कमी झालीय की मशीनच्या थरथरीनेच त्या एकमेकींना शिवतायत. पट्टी जरा वाकवली की भूत गेलं.

पण याच्यापेक्षा लई भारी भूत कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मित्राच्या गॅरेजमध्ये बसलेलं, म्हणून हा लेख. सत्तरच्या दशकाच्या शेवटचं अमेरिकन मशीन, दिसायला एकदम देखणं, आणि आजार असा की सगळं नीट चालतं, फक्त दोन ठराविक टार्गेट (बॉल लागला की खाली पडणाऱ्या फळ्या) पडलेली असताना बॉल एका ठराविक बंपरला (बॉलला परत उडवणारा खांब) लागला की फटकन 'टिल्ट' पेटतो आणि बॉल बाद. टिल्ट म्हणजे काय, तर खोक्याच्या आत एका कडीमध्ये लोंबता गोळा असतो, मशीन जोरात हलवलं की गोळा कडीला टेकतो आणि मशीन तुम्हाला शिक्षा करतं. इथं कोणी हात लावलेला नसताना शिक्षा. घरच्यांनी नाणी टाकायच्या दारावर लिंबू-मिरची बांधलेली, आणि मेकॅनिकनं निकाल दिलेला, "कार्ड (सर्किट बोर्ड) गेलंय, दुसरं अमेरिकेतनं मागवा." माझ्या मते दोन्ही एकाच जातीचे उपाय, दोन्हीत मीटर लावायची गरज पडत नाही. वर लिंबाचा रस तांब्या-पितळेला खातो ते वेगळंच.

थोडी पार्श्वभूमी. फ्लिपर (बटण दाबलं की बॉलला फटका मारणारा दांडा) असलेलं पिनबॉल १९४७ ला गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'पासून सुरू झालं आणि पुढची तीसेक वर्षं ही मशीनं निव्वळ रिले (विजेनं उघडझाप होणारे स्विच), मोटर आणि पट्ट्यांवर चालायची. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर मायक्रोप्रोसेसर आला आणि त्याच्याबरोबर एक प्रश्न आला. मशीनभर पन्नास-साठ स्विच, प्रत्येकाची वेगळी वायर प्रोसेसरपर्यंत आणायची तर तेवढ्या पिना आणायच्या कुठून?

उत्तर म्हणजे स्विच मॅट्रिक्स, आणि मला या सगळ्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त आवडते ती हीच गोष्ट. नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीला वेगळं नाव नसतं, रांग आणि नंबर सांगितला की भागतं, तसंच इथं ८ उभ्या वायरी म्हणजे कॉलम, ८ आडव्या म्हणजे रो, आणि जिथं त्या एकमेकींना ओलांडतात तिथं एक स्विच. १६ वायरींत ६४ स्विच. (बॅली कंपनीच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये कॉलम ५ च, म्हणून ४० स्विच, पण तत्त्व तेच.) प्रोसेसर एका वेळी एकच कॉलम जागा करतो, आठही रो वाचतो, मग पुढचा कॉलम, आणि हे चक्र इतकं भरभर फिरतं की बॉल एखाद्या पट्टीला नुसता चाटून गेला तरी सापडतो.

आता गंमत इथं आहे. समजा टिल्ट आहे कॉलम १ रो १ वर. बंपर कॉलम १ रो ४. आणि ती दोन टार्गेट कॉलम ५ रो १ आणि कॉलम ५ रो ४ वर, टार्गेट एकदा पडलं की परत उभं करेपर्यंत त्याचा स्विच बंदच, म्हणजे जोडलेलाच राहतो. कागदावर चौकोन काढा. चारपैकी तीन कोपरे खरोखर जोडले गेले, टिल्टचा कोपरा मोकळा. प्रोसेसर कॉलम १ जागा करतो आणि रो १ बघतो. सरळ रस्ता तुटलेला, पण करंट बंपरमधून रो ४ वर जातो, तिथून पडलेल्या टार्गेटमधून उलटा कॉलम ५ वर चढतो आणि दुसऱ्या टार्गेटमधून रो १ ला येऊन टेकतो. प्रोसेसरला रस्ता दिसत नाही, रो १ जिवंत झाली एवढंच कळतं, आणि तो म्हणतो टिल्ट.

हे होऊ नये म्हणूनच प्रत्येक स्विचला एक डायोड लावलेला असतो, करंटला एकाच दिशेनं जाऊ देणारा. वरच्या रस्त्यात तीन स्विच आहेत, त्यातल्या दोनांतून करंट सरळ जातो, फक्त एकातून उलटा. तो कुठला? कॉलम ५ रो ४, म्हणजे टिल्टच्या बरोब्बर तिरका समोरचा कोपरा. म्हणजे खोटं बोलतोय टिल्ट, मारतोय बंपर, आणि दोष आहे त्या दोनपैकी एका टार्गेटच्या डायोडमध्ये, तो शॉर्ट झालाय, म्हणजे दोन्ही दिशांनी करंट सोडतोय. बंपर बदला, टिल्टचा गोळा काढून टाका, अख्खं कार्ड बदला, काही फरक पडणार नाही. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर कागदावर चौकोन खरंच काढा, नुसतं वाचून हे बसत नाही.)

याच्या उलट, डायोड शॉर्ट न होता तुटला तर बाकी सगळं ठीक आणि तो एकच स्विच मुका. आणि एकाच कॉलमचे ओळीनं तीन-चार स्विच गेले तर वायर बघायची, कारण ती एका स्विचवरून दुसऱ्यावर अशी फिरत जाते, मध्ये टाका सुटला की पुढचे सगळे मेले.

शोधायला फार काही लागत नाही. मशीनमध्येच स्विच टेस्ट असते, ती लावून काचेखालची टार्गेट हातानं पाडायची आणि डिस्प्लेवर कुठला नंबर येतो ते बघायचं. मग मशीन बंद करून, प्लग काढून, संशयित डायोडचा एक पाय सोडवून मीटर डायोड मोडवर लावायचा, एका बाजूनं ०.५ ते ०.७ आणि उलट बाजूनं काहीच नाही तर चांगला, दोन्हीकडून शून्याच्या आसपास तर हाच चोर. बदली म्हणून १एन४००७ चालतो, दोनेक रुपयांचा माल, फक्त डायोडवरची रेघ शेजारच्या डायोडसारखीच त्याच बाजूला ठेवायची. स्विचच्या पट्ट्या मात्र कानशीनं घासू नका, या मशीनमध्ये त्यांना सोन्याचा पातळ मुलामा असतो, कोरं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ओढलं की पुरे. जुन्या रिलेवाल्या मशीनचे पॉइंट घासले तर चालतात.

बाकीचे आजार थोडक्यात. कार्डावरची बॅटरी गळून हिरवं साचलं असेल तर कार्ड खरंच जातं, तेवढा मान मेकॅनिकला. डिस्प्लेला शंभर-दोनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरसुद्धा थोडा वेळ, तिथं बोट घालू नका. आणि फ्यूज उडाला की तिथं तांब्याची तार गुंडाळायची आपल्याकडची सवय इथं महागात पडते, कारण फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक जाड तारेचं जोरात मारायला आणि एक बारीक तारेचं नुसतं धरून ठेवायला, आणि फ्लिपर वर पोचला की टोकाचा एक छोटा स्विच उघडून बारीक वाइंडिंग मध्ये आणतो. तो स्विच उघडलाच नाही तर बटण दाबून धरलं की जाड वाइंडिंगमधून पूर्ण करंट वाहत राहतो, फ्यूज उडायला पाहिजे तो तारेमुळे उडत नाही, आणि कॉइल जळते. जळालीच तर उद्यमनगरात उसाच्या पंपाच्या मोटारी भरणारे ती भरून देऊ शकतात, फक्त वाइंडिंग दोन आहेत हे आधी सांगा, दोन्हीचे वेढे आणि तारेचा गेज जुन्या कॉइलवरून मोजायला लावा, आणि नवी बसवायच्या आधी तो टोकाचा स्विच नीट करा, नाहीतर तीही जळणार.