दुसरा दादा नको: तुर्कस्तान आणि १९९१ नंतरचे नवे देश

तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान अशा पाच देशांची ‘तुर्की राष्ट्रांची संघटना’ आज जोरात चालू आहे, आणि बातम्या वाचून वाटतं की अंकाराने (म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारने) हे सगळं अगदी प्लॅन करून जमवलंय. प्रत्यक्षात सुरुवात पार फसली होती.

शीतयुद्धाच्या काळात तुर्कस्तानचं सरकार सोव्हिएत हद्दीतल्या तुर्की भाषिकांबद्दल (म्हणजे तुर्कीशी नातं असलेल्या भाषा बोलणाऱ्यांबद्दल) शक्यतो गप्पच असायचं, उगाच मॉस्कोला डिवचायला नको म्हणून. मग १९९१ आलं आणि सगळं उलटं झालं. अझरबैजानला नोव्हेंबरमध्येच मान्यता दिली, जगात सगळ्यात आधी, आणि १६ डिसेंबरला मध्य आशियातल्या देशांनाही देऊन टाकली, तेव्हा सोव्हिएत युनियन अजून कागदावर जिवंत होता! इतकी घाई का, तर १९८९ मध्ये युरोपने मेंबरशिपचा अर्ज बाजूला ठेवला होता, सोव्हिएत धोका संपल्यावर नाटोत आपल्याला कोण विचारणार ही धाकधूक होती, आणि अमेरिकेलाही या नव्या देशांनी इराणकडे न जाता तुर्कस्तानचा कित्ता गिरवावा असं वाटत होतं. बाकी नकाशा बघाल तर मध्य आशियातला एकही देश तुर्कस्तानला लागून नाही, आणि अझरबैजानशीसुद्धा फक्त नखचिवानच्या (अझरबैजानच्या मुख्य भूमीपासून तुटलेल्या तुकड्याच्या) बाजूने चिंचोळी हद्द आहे.

१९९२ मध्ये तर उत्साहाला पूर आला होता. पंतप्रधान देमिरेल ‘एड्रियाटिकपासून चीनच्या भिंतीपर्यंत’ पसरलेल्या तुर्की जगाबद्दल बोलायला लागले, मदतीसाठी टिका नावाची सरकारी एजन्सी निघाली, तिकडे दिसेल असं टीव्ही चॅनेल सुरू झालं, हजारो स्कॉलरशिप जाहीर झाल्या. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओझाल यांनी अंकाराला सगळ्यांची परिषद बोलावली, डोक्यात कॉमन मार्केट आणि जॉइंट बँक. पण कझाकस्तानचे नझरबायेव वंशाच्या नावावर गट करायला तयारच नव्हते (त्यांच्या देशात रशियन लोकसंख्या प्रचंड, ते कसे तयार होतील) आणि उझबेकिस्तानच्या करीमोव यांनाही थोरल्या भावाची हौस नव्हती. मॉस्कोच्या दादागिरीतून आत्ता कुठे सुटलोय, लगेच दुसरा दादा कशाला, हा साधा हिशोब होता आणि माझ्या मते बरोबरच होता. शिवाय तुर्कस्तानच्या खिशात तेवढे पैसेही नव्हते.

खरी परीक्षा काराबाखमध्ये झाली, म्हणजे अझरबैजान आणि आर्मेनिया ज्या प्रदेशासाठी लढत होते तिथे. मे १९९२ मध्ये माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त फौजांचे प्रमुख मार्शल शापोश्निकोव्ह यांनी तुर्कस्तान मध्ये पडला तर तिसरं महायुद्ध होईल असा सरळ इशारा दिला. १९९३ मध्ये आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचा केल्बाजार जिल्हा घेतला तेव्हा अंकाराने आर्मेनियाची सीमा बंद केली, पण सैन्य काही पाठवलं नाही. एप्रिलमध्ये ओझाल वारले, जूनमध्ये बाकूत (अझरबैजानच्या राजधानीत) तुर्कस्तानचे कट्टर मित्र, राष्ट्राध्यक्ष एल्चिबे यांची खुर्ची गेली आणि हैदर अलियेव आले. ‘एक राष्ट्र, दोन देश’ हे वाक्य याच अलियेव यांचं, तरी मॉस्कोशीही ते जपूनच वागले. उझबेकिस्तानशी वेगळंच बिनसलं. तिथले विरोधी नेते मुहम्मद सालिह यांना तुर्कस्तानने आसरा दिला म्हणून करीमोव यांनी शिकायला पाठवलेली पोरं परत बोलावून घेतली.

इतकी भाषणं करून जे जमलं नाही ते शेवटी तेलाने जमवलं. बाकूहून जॉर्जियातल्या तिबिलिसीमार्गे तुर्कस्तानच्या जेहान बंदरापर्यंतची बाकू-तिबिलिसी-जेहान पाइपलाइन, १७६८ किलोमीटर, रशिया आणि इराण दोघांनाही वळसा घालून. करार १९९९ मध्ये इस्तंबूलला झाला, उद्घाटन २००६ मध्ये. मग २०१७ मध्ये बाकूहून तुर्कस्तानातल्या कार्सपर्यंत रेल्वे आली. २००९ मध्ये नखचिवानला या देशांच्या कायमच्या परिषदेचा (आजच्या संघटनेचा) करार झाला तेव्हा मात्र कुणी भिंतीबिंतीची भाषा केली नाही, उझबेकिस्तान तर करीमोव यांच्यानंतर, २०१९ मध्ये आत आला. २०२० च्या काराबाख युद्धात तुर्की ड्रोननी अझरबैजानला काय फायदा झाला ते सगळ्यांनी बघितलं, आणि पुढच्याच वर्षी परिषदेचं नाव तुर्की राष्ट्रांची संघटना झालं. तुर्कमेनिस्तान अजूनही फक्त ऑब्झर्व्हर.

लिपीचं मात्र भिजत घोंगडं आहे. १९९१ मध्ये इस्तंबूलला अभ्यासकांनी ३४ अक्षरांची समान लॅटिन वर्णमाला सुचवली होती, २०२४ मध्ये बाकूत परत ३४ अक्षरांवरच एकमत झालं, आणि किर्गिझस्तान आजही सिरिलिकमध्येच (रशियन वळणाच्या लिपीत) लिहितोय.